निर्मनुष्य दारे आणि परवलीचा शब्द

पुण्याहून निघून सोलापूर, नळदुर्ग, उमरगा, हुमनाबाद, जहीराबाद ही गावे एकामागून एक मागे टाकीत मछलीपट्टणमच्या किनाऱ्याकडे जाणारा महामार्ग हैदराबाद शहरात शिरतो तो पाटणचेरू, मियापूर आणि कुकटपल्ली या वस्त्यांमधून. मराठवाड्याचे पाच जिल्हे १९५६ पर्यंत ज्या हैदराबाद राज्याचे अंग होते, त्या राज्याच्या राजधानीशी मराठी माणसाचा संबंध शिक्षण, वकिली, सरकारी नोकरी आणि व्यापार या निमित्तांनी पिढ्यानुपिढ्या चालत आला. गेल्या तीन दशकांत त्यात संगणकाच्या नोकरीची भर पडली, आणि नांदेड, लातूर, सोलापूर या भागांतून येणाऱ्या कित्येक तरुणांचा पहिला मुक्काम कुकटपल्लीच्या गृहनिर्माण मंडळाच्या वसाहतीतील एखाद्या भाड्याच्या खोलीत पडू लागला.

अर्ध्या शतकापूर्वी ही वस्ती शहराबाहेरची गणली जात होती, आणि स्फोटके तयार करणारा एक कारखाना व त्याच्याच नावाने ओळखले जाणारे एक तळे ही तिची मुख्य खूण होती. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या जवाहरलाल नेहरू तंत्रविद्यापीठाचे आवार, गृहनिर्माण मंडळाची विस्तीर्ण वसाहत आणि जवळच माधापूर येथे २२ नोव्हेंबर १९९८ रोजी पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्या हस्ते उद्घाटन झालेली ‘सायबर टॉवर्स’ ही इमारत, या तिहींनी मिळून कुकटपल्लीचे रूप पालटले. मायक्रोसॉफ्ट या अमेरिकन कंपनीने आपले भारतातील विकासकेंद्र हैदराबादेत थाटले तेही १९९८ मध्येच. आज या वस्तीत ज्यांच्यासमोर माणूस बसलेला नाही असे संगणक जागोजागी आढळतात. दवाखान्यात रुग्णांचे क्रमांक दाखविणारा पडदा, दुकानाच्या माळ्यावर दिवसभराच्या बिलांची नक्कल साठविणारे यंत्र, इमारतीच्या तळमजल्यावर कॅमेऱ्यांची चित्रे नोंदविणारी पेटी, मेट्रोच्या फलाटावरचे सूचनाफलक: या सर्वांकडून आपण अपेक्षा करतो ती एवढीच, की कोणी हात न लावता त्यांनी आपले काम अखंड चालवावे.

या अपेक्षेच्या पोटात एक पेच दडलेला आहे. वैशाखातील संध्याकाळी वळवाचा पाऊस कोसळतो, वीज जाते, इन्व्हर्टरची बॅटरी संपते, आणि रात्री केव्हातरी वीज परत आली की यंत्र आपण होऊन सुरू होते. पण सुरू झाल्यावर ते प्रथम नाव आणि परवलीचा शब्द विचारते, आणि उत्तर द्यायला तेथे कोणी नसते. सकाळी दवाखान्यात रुग्णांची रांग लागते तेव्हा पडदा त्याच प्रश्नाशी अडलेला असतो. मग डॉक्टर तंत्रज्ञाला बोलावून सांगतात, ‘हे आपोआप चालू झाले पाहिजे’, आणि तंत्रज्ञ यंत्राला त्याचा परवलीचा शब्द पढवून ठेवतो. पण पढविलेला शब्द कोठेतरी लिहून ठेवावा लागतो. जे लिहिलेले आहे ते वाचता येते. आणि जे यंत्राला वाचता येते ते त्या यंत्रावर ताबा मिळविणाऱ्या चोरालाही वाचता येते. मनुष्याविना दार उघडावे आणि तरीही किल्ली चोराच्या हाती पडू नये, या दोन परस्परविरोधी मागण्यांचा मेळ घालण्यासाठी संगणकशास्त्राने गेली साठ वर्षे जे प्रयत्न केले, त्यांचा हा इतिहास आहे.

हैदराबादेत संगणकाची निर्मिती आली ती मुंबईच्या वाटेने. टाटा मूलभूत संशोधन संस्थेने मुंबईत घडविलेला ‘टिफ्रॅक’ हा संगणक १९६० मध्ये कामास लागला. तुर्भ्याच्या अणुशक्ती केंद्रातील इलेक्ट्रॉनिकी विभागाच्या कार्यातून १९६७ मध्ये हैदराबादेत इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया ही सरकारी कंपनी उभी राहिली. आणि तिने बनविलेल्या ‘टीडीसी’ मालिकेतील यंत्रांनी तुर्भ्याचे, म्हणजे ट्रॉम्बेचे, नाव आपल्या आद्याक्षरात वागविले. त्या पिढीच्या यंत्रावर सामान्यतः एका वेळी एकच काम चाले, आणि त्याचा बंदोबस्त म्हणजे खोलीचे कुलूप, दाराशी नोंदवही आणि यंत्र चालविणारा जबाबदार कर्मचारी. परवलीच्या शब्दाची गरज उत्पन्न झाली ती एकाच यंत्राचा उपयोग अनेक माणसे एकाच वेळी, आपापल्या टंकयंत्रावरून करू लागली तेव्हा.

हा प्रयोग अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रसंस्थेत, म्हणजे एमआयटीत, फर्नांडो कोर्बाटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ च्या नोव्हेंबरात प्रथम करून दाखविला. प्रत्येक उपयोगकर्त्याचे दप्तर निराळे राहावे आणि यंत्राच्या वेळेचा हिशेब ज्याच्या त्याच्या नावे पडावा, यासाठी प्रत्येकाला एक खाजगी शब्द देण्यात आला, आणि ते सर्व शब्द जसेच्या तसे एका यादीत साठविण्यात आले. अॅलन शेर नावाच्या संशोधक विद्यार्थ्याला आठवड्याकाठी मिळणारे चार तास अपुरे पडत होते. त्याने १९६२ मध्ये एका शुक्रवारी रात्री ती यादी छापण्याची मागणी छिद्रपत्रावर लिहून रीतसर कामांच्या गठ्ठ्यात सरकवली आणि शनिवारी सकाळी छापील कागद निमूटपणे उचलून नेला. चारच वर्षांनी, १९६६ मध्ये, दोन व्यवस्थापक एकाच वेळी दोन निरनिराळ्या फायली संपादित करीत असता त्यांच्या तात्पुरत्या प्रतींची अदलाबदल झाली, आणि प्रवेश करणाऱ्या प्रत्येकासमोर स्वागताच्या संदेशाऐवजी सर्वांच्या परवलीच्या शब्दांची संपूर्ण यादी छापून येऊ लागली. पहिल्या प्रसंगी एका मनुष्याची युक्ती कारण झाली, दुसऱ्या प्रसंगी निव्वळ अपघात. परंतु दोहोंचे मूळ एकच होते, की रहस्ये वाचता येतील अशा स्वरूपात एका ठिकाणी साठविली होती.

या दोषावरचा पहिला मूलगामी उपाय इंग्लंडातील केंब्रिज विद्यापीठात सुचला. तेथील ‘टायटन’ या संगणकासाठी रॉजर नीडहॅम यांनी माइक गाय यांच्या साह्याने १९६७ च्या सुमारास अशी योजना केली, की परवलीचा शब्द मुळी साठवायचाच नाही. तो एका एकमार्गी गणिती क्रियेतून काढून त्याचे जे विद्रूप उरेल तेवढेच दप्तरी ठेवायचे. दाराशी आलेल्या मनुष्याने शब्द सांगितला की त्यावर तीच क्रिया करावी आणि निष्पत्ती दप्तरातील नोंदीशी ताडून पाहावी. नोंद चोरीस गेली तरी तिच्यावरून मूळ शब्दाकडे परत जाण्याची वाट नाही. मॉरिस विल्क्स यांनी १९६८ च्या आपल्या ग्रंथात या योजनेची माहिती दिली आणि तेथून ती सर्वत्र पसरली.

युनिक्स या प्रणालीत तिला जे परिपक्व रूप आले त्याची हकीकत रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्पसन यांनी १९७९ मध्ये एका निबंधात प्रसिद्ध केली. त्यांनी ३,२८९ परवलीचे शब्द जमवून तपासले, तेव्हा त्यांतील सुमारे ८६ टक्के शब्द इतके आखूड किंवा इतके परिचित आढळले, की चिकाटीने प्रयत्न करणाऱ्याला ते ओळखता यावेत. म्हणून त्यांनी दोन तजविजी केल्या. कूटलेखनाची क्रिया एकदा न करता पंचवीस वेळा करावयाची, म्हणजे प्रत्येक अंदाजाची किंमत वाढेल. आणि प्रत्येक शब्दात ४,०९६ संभाव्य संख्यांपैकी एक यदृच्छेने निवडून मिसळावयाची, म्हणजे दोन माणसांनी एकच शब्द निवडला तरी त्यांच्या नोंदी बहुधा भिन्न दिसतील, आणि चोराने आधीच करून ठेवलेली तयार कोष्टके निरुपयोगी ठरतील. या मिसळलेल्या संख्येला त्यांनी मिठाचे नाव दिले, आणि आजतागायत जगातील तंत्रज्ञ तेच नाव वापरतात.

येथपर्यंतचा इतिहास विजयाचा वाटतो. पण तो विजय दाराच्या एकाच बाजूचा होता, हे नीट ध्यानात घेतले पाहिजे. जो शब्द तपासतो त्याला मूळ शब्द माहीत नसला तरी चालते. परंतु जो शब्द सांगतो त्याला तो माहीत असावाच लागतो. मनुष्य तो आपल्या स्मृतीत वागवतो. मनुष्याच्या जागी यंत्र आले की स्मृतीची जागा फाइल घेते, आणि त्या फाइलला एकमार्गी क्रियेचा उपयोग होत नाही, कारण विद्रूपावरून यंत्रालाही मूळ शब्द काढता येणार नाही. त्यास कूटलिपीत लिहावे, तर कूट उलगडण्याची किल्ली त्याच यंत्रात ठेवावी लागते. केंब्रिजच्या युक्तीने तपासनिसाची चिंता मिटविली. सांगणाऱ्याची चिंता, तो निर्जीव असेल तेव्हा, जशीच्या तशी राहिली.

युनिक्स वापरणाऱ्यांनी या अडचणीतून सोयीच्या दोन वाटा काढल्या होत्या. एका यंत्राहून दुसऱ्यावर फाइल पाठविताना वारंवार शब्द टंकावा लागू नये म्हणून ‘नेटआरसी’ नावाच्या फाइलमध्ये यंत्राचे नाव, खात्याचे नाव आणि परवलीचा शब्द उघड अक्षरांत लिहून ठेवण्याची मुभा होती. ती फाइल इतरांना वाचता येण्याजोगी असेल तर तो कार्यक्रम आपोआप प्रवेश करण्याचे नाकारी, एवढाच काय तो बंदोबस्त. दुसरी वाट त्याहून सुलभ होती: ‘आरहोस्ट्स’ या फाइलमध्ये ज्या यंत्रांची नावे नोंदली असतील, त्यांच्याकडून येणाऱ्यास कोणताही शब्द न विचारता आत घ्यावयाचे. या परस्परविश्वासाची परीक्षा २ नोव्हेंबर १९८८ च्या रात्री झाली. एका विद्यार्थ्याने सोडलेला स्वयंप्रसारी कार्यक्रम हजारो यंत्रांत पसरला. त्याच्याजवळ परवलीचे शब्द ओळखण्यासाठी ४३२ नेहमीच्या शब्दांची यादी होती, आणि एका यंत्रात शिरकाव झाला की तेथल्या विश्वासाच्या नोंदी वाचून तो शेजारच्या यंत्रांत शब्दाविनाच प्रवेश करी. तो विद्यार्थी रॉबर्ट टॅपन मॉरिस हा, परवलीच्या शब्दांचे दुबळेपण १९७९ मध्ये जगापुढे मांडणाऱ्या त्याच रॉबर्ट मॉरिस यांचा पुत्र होता. पित्याने लिहून दिलेला इशारा नऊ वर्षे सर्वांच्या हाती होता, तरी सोयीचा मोह त्याहून प्रबळ ठरला.

या सुमारास एमआयटीतच एक निराळा मार्ग आकार घेत होता. १९८३ मध्ये आरंभलेल्या ‘अथेना’ प्रकल्पात विद्यार्थ्यांसाठी शेकडो संगणक मांडण्यात आले, आणि त्यांच्यासाठी जी ‘केर्बेरोस’ नावाची पद्धत रचली गेली तिचा पाया रॉजर नीडहॅम आणि मायकेल श्रोडर यांनी १९७८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या योजनेवर होता. केंब्रिजच्या त्याच नीडहॅम यांचे नाव या इतिहासात पुन्हा येते, ते असे. या पद्धतीत मनुष्य दिवसाच्या आरंभी एकदा आपली ओळख पटवितो आणि मध्यवर्ती कचेरीकडून त्याला काही तासांच्या मुदतीचे दस्तक मिळते. पुढे प्रत्येक दाराशी तो दस्तक दाखवितो, परवलीचा शब्द कोणापुढेही उच्चारत नाही. मुदत संपली की दस्तक रद्द होते, आणि चोरीस गेलेल्या दस्तकाने होणारी हानी तेवढ्या काळापुरतीच राहते. परंतु ज्या सेवा रात्रंदिवस निर्मनुष्य चालतात त्यांना पहिले दस्तक मागण्यासाठी स्वतःची किल्ली लागतेच, आणि ती अखेर एका फाइलमध्येच ठेवावी लागली. पेच नाहीसा झाला नाही. तो आटोक्यात आला.

हाच पेच सर्वसामान्य कचेऱ्यांत घरोघरीच्या वस्तूसारखा पसरला तो विंडोजच्या द्वारे. डेव्ह कटलर यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेली विंडोज एनटी ही प्रणाली १९९३ च्या जुलैत बाजारात आली. कंट्रोल, ऑल्ट आणि डिलीट या तीन कळा एकदम दाबल्याखेरीज ती प्रवेशाचा पडदाच दाखवीत नसे, आणि त्यामागे हेतू असा होता की कोणा लबाड कार्यक्रमाने खोटा पडदा उभा करून शब्द काढून घेऊ नये. इतक्या काटेकोर रचनेतही निर्मनुष्य यंत्रांसाठी एक दिंडी ठेवावी लागली. रजिस्ट्री या प्रणालीच्या मुख्य दप्तरात ‘विनलॉगॉन’ या सदराखाली ‘ऑटोअॅडमिनलॉगॉन’ या नोंदीत एक हा आकडा लिहावा, शेजारी ‘डिफॉल्टयूजरनेम’ आणि ‘डिफॉल्टपासवर्ड’ या नोंदी भराव्या, की यंत्र सुरू होताच त्या खात्यात आपोआप प्रवेश होई. यांतील शेवटच्या नोंदीत परवलीचा शब्द उघड अक्षरांत असे. मायक्रोसॉफ्टच्या दस्तऐवजांतच असा इशारा दिलेला आहे, की हे सदर जाळ्यावरील कोणाही मान्यताप्राप्त उपयोगकर्त्याला दुरूनही वाचता येते. म्हणजे कुकटपल्लीतील एखाद्या कचेरीत दिवाणखान्यातील पडद्यासाठी ही सोय केली, तर त्याच जाळ्यावरील कोणत्याही टेबलाशी बसलेला मनुष्य जागचा न उठता तो शब्द वाचू शकेल. आणि घाईत त्या पडद्याला प्रशासकाचे खाते दिले असेल, तर एका शब्दाबरोबर सारा कारभारच त्याच्या हाती जाईल.

मार्क रुसिनोविच यांनी आपल्या ‘सिसइंटर्नल्स’ या साधनसंग्रहात ‘ऑटोलॉगॉन’ नावाचे जे छोटे साधन दिले, ते या उघड्या शब्दावरचा उपाय होते. २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टने त्यांची कंपनी विकत घेतली आणि तेव्हापासून ते साधन अधिकृतपणे मिळते. त्याचा व्यवहार अगदी साधा आहे: खात्याचे नाव, क्षेत्राचे नाव आणि परवलीचा शब्द भरावा, कळ दाबावी, आणि तो शब्द उघड नोंदीत न जाता प्रणालीच्या सुरक्षा-अधिष्ठानाच्या अंतर्गत कोठारात कूटरूपाने जमा होतो. ते कोठार सामान्य उपयोगकर्त्याला दिसत नाही, मग दुरून वाचण्याची गोष्ट तर नाहीच. पण कोठाराच्या किल्लीची साखळी अखेर कोठे जाते ते पाहिले पाहिजे. कोठाराचे कूट जिच्यावर अवलंबून आहे ती यंत्राची मूळ किल्ली त्याच रजिस्ट्रीत ‘जेडी’, ‘स्क्यू१’, ‘जीबीजी’ आणि ‘डेटा’ या चार नोंदींमध्ये तुकड्यातुकड्याने, सहसा कोणाची नजर जाणार नाही अशा गुणधर्मांत ठेवलेली असते. संशोधकांनी ते तुकडे शोधून त्यांची जुळणी कशी करायची ते दाखवून दिले, आणि यंत्रावर ज्याचा पूर्ण अंमल आहे त्याला कोठारातील शब्द सहज काढता येतो हे सिद्ध झाले. रुसिनोविच यांच्या साधनाच्या माहितीपत्रकात हे स्पष्टपणे लिहिलेले आहे, आणि या प्रामाणिकपणाबद्दल त्याचा गौरवच केला पाहिजे. कारण सुरक्षिततेच्या क्षेत्रात मर्यादा झाकणारे साधन मर्यादा सांगणाऱ्या साधनापेक्षा अधिक धोक्याचे असते.

या टप्प्यावर प्रश्नाचे स्वरूपच बदलते, असे माझे मत आहे. किल्ली लपविण्याची जागा कितीही खोल नेली, तरी ज्याला दार आपोआप उघडायचे आहे त्याच्या आवाक्यात ती असावीच लागते. तेव्हा ‘किल्ली कोठे ठेवावी’ हा प्रश्न जितका महत्त्वाचा, तितकाच ‘या किल्लीने किती दारे उघडतात’ हाही महत्त्वाचा. शिवकालीन दुर्गांच्या व्यवस्थेत ही समज स्पष्ट दिसते. किल्ल्याच्या दरवाजांच्या किल्ल्या हवालदाराच्या ताब्यात असत. परंतु हिशेब आणि हजेरी सबनिसाकडे, धान्य आणि सामान कारखानिसाकडे, आणि कोणा एकाच्या फितुरीने गड जाऊ नये अशी कामाची वाटणी केलेली असे. हवालदाराच्या सचोटीवर विसंबून न राहता त्याच्या अधिकाराला मर्यादा घालणारी ही रीत निर्जीव यंत्राच्या बाबतीत तर अधिकच अगत्याची आहे, कारण यंत्राला फितूर होण्यासाठी हेतूही लागत नाही.

गेल्या तीस वर्षांतील चांगले उपाय या समजुतीतूनच निघाले आहेत. फिनलंडमधील हेलसिंकी तंत्रविद्यापीठाच्या जाळ्यावर परवलीचे शब्द चोरून ऐकले गेल्याचा प्रकार घडल्यानंतर तेथील टाटू यलोनेन यांनी १९९५ मध्ये ‘एसएसएच’ ही पद्धत रचली. तीत किल्लीची जोडी असते. खाजगी अर्धा भाग जागेवरच राहतो आणि दुसऱ्या यंत्राला केवळ जाहीर अर्धा भाग द्यावा लागतो. त्याहूनही मोलाची गोष्ट ही, की जाहीर किल्ली नोंदवितानाच त्या ओळीत असा हुकूम लिहिता येतो की या किल्लीने येणाऱ्याला अमुक एकच काम करता येईल, उदाहरणार्थ रात्रीची नक्कल उतरवून घेणे, आणि दुसरे काहीही नाही. अशी किल्ली चोरीस गेली तरी चोराच्या हाती पडते ती नक्कल उतरवून घेण्याची सेवा, घरदार नव्हे. विंडोजमध्ये २०१२ च्या सर्व्हर आवृत्तीबरोबर आलेली सामूहिक सेवाखाती याच दिशेची आहेत: त्यांचा परवलीचा शब्द २४० बाइट लांबीचा, यंत्रानेच यदृच्छेने रचलेला असतो, सामान्यतः तीस दिवसांनी आपोआप बदलतो, आणि कोणा मनुष्याने तो ठरवावा किंवा लिहून ठेवावा असा प्रसंगच येत नाही. चकती काढून नेणाऱ्या चोराविरुद्ध सबंध चकतीचे कूटलेखन आणि मुख्य फलकावरील सुरक्षा-चिप यांची जोड मिळाली. २०२१ च्या विंडोज ११ ने तर तशी चिप असणे ही अटच घातली. २०१९ च्या मार्चमध्ये ‘वेबऑथन’ हे मानक मान्य झाले, आणि मनुष्यापुरता तरी साठवावा लागणारा शब्दच व्यवहारातून हद्दपार करण्याची वाट खुली झाली.

या गोष्टींची किंमत हैदराबादने प्रत्यक्ष मोजलेली आहे. भारतीय रिझर्व्ह बँकेने बँकांच्या तंत्रव्यवहारासाठी १९९६ मध्ये स्थापन केलेली संस्था, आयडीआरबीटी, याच शहरात आहे. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० अन्वये बँकांना अंकीय स्वाक्षरीचे दाखले देण्याचा परवाना तिला मिळाला, आणि ज्यातील खाजगी किल्ली बाहेर काढता येत नाही अशा स्मार्ट कार्डांचा वापर बँकांच्या परस्पर व्यवहारात रुजू झाला. अशा शहरात २०२२ च्या जानेवारीत महेश सहकारी नागरी बँकेच्या यंत्रणेतून सुमारे १२ कोटी ४८ लाख रुपये परस्पर इतर खात्यांत वळविले गेले. पोलिसांनी तपासानंतर सांगितले, की आदल्या नोव्हेंबरात बँकेच्या कर्मचाऱ्यांना दोनशेहून अधिक फसवे ईमेल पाठविण्यात आले होते, त्यांपैकी काही उघडले गेल्यावर दुरून ताबा घेणारा कार्यक्रम यंत्रांत बसला, आणि परवलीचे शब्द हस्तगत झाल्यावर सर्वाधिकार असलेल्या खात्यांतून पैसे हलविले गेले. अशा सर्वाधिकारी खात्यांची संख्या दहा होती, हे पोलिसांनी विशेषत्वाने निदर्शनास आणले. आणि बँकेला २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने ६५ लाख रुपयांचा दंड केला. तत्पूर्वी २०१८ च्या ऑगस्टमध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेतून दोन दिवसांत ९४ कोटींहून अधिक रक्कम गेली होती. तेथे एटीएमच्या मागण्यांना मंजुरी देणाऱ्या यंत्रणेच्या जागी दुसरीच यंत्रणा उभी राहून खोटी मंजुरी देत होती, आणि यंत्राने यंत्रावर टाकलेला आंधळा विश्वास केवढ्याला पडतो हे महाराष्ट्राने त्या वेळी पाहिले. या दोन्ही घटना आपोआप होणाऱ्या प्रवेशाच्या सोयीतून घडल्या असे कोणी म्हणणार नाही. परंतु एका ठिकाणी शब्द हाती येताच त्यामागे अमर्याद अधिकार उभा होता, आणि दुसऱ्या ठिकाणी मनुष्याविना चाललेल्या संवादाला पुरेशी पारख नव्हती, ही दोन्ही दूषणे आपल्या विषयाच्या गाभ्याशी भिडतात.

कायद्यानेही या वस्तूचे गांभीर्य ओळखलेले आहे. माहिती तंत्रज्ञान अधिनियमाखाली २०११ मध्ये केलेल्या नियमांत संवेदनशील व्यक्तिगत माहितीची जी गणना केली आहे, तिच्यात पहिला क्रमांक परवलीच्या शब्दाचा आहे. आर्थिक माहिती, आरोग्य, वैद्यकीय इतिहास ही सर्व त्याच्या मागून येतात. विधिकर्त्यांचा हा अनुक्रम मला सर्वथा योग्य वाटतो, कारण उरलेल्या सर्व माहितीचे दार त्याच एका शब्दाने उघडते.

कुकटपल्लीतला छोटा दवाखाना, दुकान किंवा शिकवणीवर्ग यांना केर्बेरोसची कचेरी थाटणे शक्य नाही, आणि त्याची आवश्यकताही नाही. त्यांनी एवढे केले तरी पुरे, की आपोआप सुरू होणाऱ्या यंत्राला प्रशासकाचे खाते कदापि देऊ नये. त्याच्यासाठी एक निराळे, एकच काम करणारे खाते काढावे, ज्याला दप्तरातील इतर फायली वाचण्याचा अधिकार नसेल. त्या खात्याचा शब्द अन्यत्र कोठेही वापरू नये. तो उघड नोंदीत न ठेवता कूटरूपाने कोठारात जमा करावा. चकतीवर कूटलेखन चालू ठेवावे. यंत्र कुलूपबंद जागी असावे. आणि तंत्रज्ञ बदलला की शब्द बदलावा. यांपैकी एकाही गोष्टीला मोठा खर्च लागत नाही. लागतो तो अधिकार देताना हात आखडता घेण्याचा निग्रह, आणि नेमका हाच निग्रह सोयीच्या घाईत प्रथम सुटतो. म्हणून ज्या ज्या कचेरीत असे एक तरी निर्मनुष्य यंत्र असेल, तिच्या चालकाला तीन प्रश्नांची उत्तरे केव्हाही देता आली पाहिजेत: हे यंत्र कोणाच्या नावाने आत जाते, आत गेल्यावर त्याला काय काय करता येते, आणि त्याचा परवाना आज या क्षणी रद्द करायचा झाला तर तो कोणी व किती वेळात रद्द करील. ज्याच्यापाशी ही तीन उत्तरे तयार आहेत त्याने आपली किल्ली यंत्राच्या हवाली खुशाल करावी. ज्याच्यापाशी ती नाहीत, त्याने ती मिळेपर्यंत रोज सकाळी स्वतः येऊन शब्द टंकण्याचा त्रास सोसणे हेच त्याच्या आणि त्याच्यावर विश्वास टाकणाऱ्यांच्या हिताचे आहे.